कसर न लागलेली जागा

शाओ पेइलिंग कुठल्याही गावात कामाला गेली, की आधी टेबल हलवून बघायची. डुगडुगलं तर पायाखाली कागदाची घडी सारायची, उजेडाकडे तोंड करून बसायची आणि मगच चहाचा पेला हातात घ्यायची. शीखोउ गावच्या ताओ कुळानं तिला पितृमंदिराच्या ओवरीत जागा दिली होती. भाताची कापणी आटोपली होती. अंगणात बांबूच्या ताट्यांवर रताळ्याच्या शेवया वाळत होत्या आणि कोंबड्या हाकलायला बायका आळीपाळीनं बसत होत्या.

पेइलिंग कुलवृत्तांत छापायची. आजोबांनी हेच केलं, वडिलांनी हेच केलं, आणि भाऊ शहरात बुटांच्या धंद्यात शिरल्यावर लाकडी खिळ्यांच्या पेट्या तिच्याकडे आल्या. वीस हजार खिळे, प्रत्येकावर एक उलटं अक्षर. चोपन्न वर्षांची बाई, पण सगळा डोंगरपट्टा तिला ‘शाओ मास्तर’ म्हणे. तिनं छापलेली ओळ दाखवून गावोगावची भांडणं मिटत. पुरावा नसलेलं एकही अक्षर तिनं कधी बसवलं नव्हतं, आणि हे ती स्वतः होऊन सांगायची. विनय वगैरे भानगड तिच्यात नव्हती.

ताओंचा कुलवृत्तांत तीस वर्षांनी पुन्हा छापायचा होता आणि यंदा कुळानं एक नवं ठरवलं होतं. आजवर त्यात मुलांचीच नावं येत. मुलीचा उल्लेख झालाच तर ‘मुलगी एक’ एवढाच, पुष्कळदा तोही नाही. आता लेकींची नावंही घ्यायची होती.

“पुस्तक केवढं जाडजूड होईल!” एक म्हातारा कुरकुरला.

“होऊ दे की. उचलायला आम्हीच येणार आहोत,” शेवयांवरून कोंबडी हाकलत एक बाई म्हणाली, आणि अंगणात हशा पिकला.

त्याच आठवड्यात कुळप्रमुख ताओ शौयि यांच्या पणतीला महिना पुरा झाला. ब्याऐंशी वर्षांच्या शौयिकाकांनी स्वतः घरोघरी लाल रंगवलेली अंडी वाटली. बाळाला घरात दोउदोउ म्हणत, म्हणजे घेवड्याचा दाणा. दिसायलाही तशीच होती, गोल आणि गुळगुळीत. खरं नाव अजून ठेवायचं होतं. बाळाची आई रुइशिन गावच्या शाळेत शिकवायची. ती बाळाला छातीशी बांधून पेइलिंगच्या टेबलापाशी आली.

“मास्तर, मला ‘युन’ ठेवायचंय. नाव मोकळं आहे का तेवढं बघून द्या.”

हे बघून देणं पेइलिंगच्या कामातच मोडत होतं. धाकट्यानं थोरल्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, मग बाळाला ठेवणं दूरच. आजीचं नाव नातीला ठेवणारी माणसं जगात आहेत म्हणतात. शीखोउत ते नुसतं ऐकूनच लोक कानाला हात लावत. ज्याचं नाव त्याचं. ते दुसऱ्याला दिलं, तर हाक मारल्यावर नक्की यायचं कुणी?

“युन म्हणजे ते गवतच ना गं?” शेवयांपाशी बसलेली सासू म्हणाली. “लोक मोती ठेवतात, कमळ ठेवतात. आमच्या सूनबाईंना गवत सुचलं!”

“गवत नव्हे काकू, औषधी आहे,” पेइलिंग म्हणाली. असल्या विषयात तिला बोलतं करावं लागत नसे. “कमळ दोन दिवसांत माना टाकतं, मोती चोर नेतो. युनची वाळलेली डहाळी पुस्तकात ठेवली की कसर पानाला तोंड लावत नाही. पूर्वीच्या लिहित्यावाचत्या घरांत पुस्तकाच्या खोलीलाही हेच नाव देत. मुलीला ‘युन’ म्हणायचं म्हणजे, ही जिथं असेल तिथलं काही नासणार नाही, असं म्हणायचं. माझ्या मनासारखं नाव काढलंस पोरी.”

“एवढा अर्थ असेल तर ठेवा बाई,” सासू म्हणाली आणि कोंबडीच्या मागे धावली.

पितृमंदिराच्या कपाटातले जुने खंड पेइलिंगनं तीन दिवस चाळले. अठरा पिढ्या, सगळ्या शाखा. खंड जुने होते, पानापानाला कसरीनं जाळी केली होती, पण अक्षरं लागत होती. युन नावाचं कुणी नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं शौयिकाकांसमोर शब्द दिला.

“नाव मोकळं आहे. माझ्यावर सोडा.”

आणि तान्ह्या बाळासाठी ती नेहमी करायची तसं तिनं त्या नावाचा नवा खिळा कोरला.

पहिला ठसा काढला तेव्हा तिनं कपाळाला आठ्या घातल्या. अक्षर झिजलेलं उमटलं होतं. कडा बोथट, आडवी रेघ मधे तुटलेली. शंभर वर्षं वापरलेला खिळा असा उमटतो. तिनं खिळा उजेडात धरला. कोर कोरी करकरीत होती. लाकूड ओलं असेल, म्हणून तिनं दुसऱ्या ठोकळ्यातून दुसरा कोरला. त्याचाही ठसा तसाच आला. तिसऱ्याचाही. आजूबाजूची अक्षरं स्वच्छ आणि मधे ते एकच म्हातारं. बोटांना मात्र कडवट, हिरवा वास येत होता, सुकलेल्या पाल्याचा. यंदाचं लाकूडच वाईट, असं ठरवून तिनं तो विषय बाजूला ठेवला.

दहा दिवसांनी दुपारी रुइशिन पुन्हा आली. चेहरा ओढलेला होता.

“मास्तर, हसू नका. ही नावाला ओ देत नाही.”

“चाळीस दिवसांची पोर ओ देईल तर मीच घाबरेन,” पेइलिंग म्हणाली.

“तसं नाही हो. बघा ना.” रुइशिननं बाळाला टेबलावर दुलईत ठेवलं. “दोउदोउ! ए दोउदोउ!”

बाळानं पाय झाडले आणि तोंडानं बुडबुडा काढला.

“युन,” रुइशिन म्हणाली.

बाळ थांबलं. हातपाय, ओठ, सगळंच. डोळे उघडे होते आणि आईच्या खांद्यावरून मागे बघत होते. पेइलिंगनं मनात आकडे मोजले. पन्नासपर्यंत मोजूनही पापणी लवली नाही. मग तिनंही त्या दिशेला पाहिलं. तिथं जुन्या खंडांचं कपाट होतं, बाकी काही नव्हतं.

“घरात पण ह्याच दिशेला बघते,” रुइशिन म्हणाली. “नाव घेतलं की दूध सोडते. घरात पाहुणे येतात, सगळे ‘युन, युन’ करतात. दहा दिवसांत वजन वाढायचं तर घटलंय. डॉक्टरांना काही सापडत नाही. मास्तर, मला कळत नाही हो, हाक मारली की माझी मुलगी जाते कुठं?” आणि ती तिथंच, टेबलाची कड धरून रडली.

पेइलिंगला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नसे. तिनं आपला चहा तिच्यापुढे सरकवला. “नाव घेणं बंद करा. दोउदोउच म्हणा. मला दोन दिवस द्या.”

ती गेल्यावर पेइलिंगनं कपाट पुन्हा उघडलं. या वेळी तिनं अक्षरं वाचली नाहीत, नुसता कागद पाहिला. पहिल्या वेळी ती अक्षरं शोधत होती, म्हणून भोकांकडे लक्ष गेलं नव्हतं. आता गेलं.

शौयिकाकांच्या आजोबांचं पान होतं. ‘मुलगे दोन’ आणि त्यांची नावं. त्यापुढे दोन बोटं रुंदीची कोरी जागा. कसरीची भोकं वरून आली होती, खालून आली होती, दोन्ही अंगांनी आली होती, आणि त्या कोऱ्या जागेपाशी येऊन वळली होती. जागा अख्खी होती. कागद तिथं अजून पांढरा होता.

जुनी पानं दुहेरी असतात, घडी घालून शिवलेली. पेइलिंगनं बांबूची काडी घेऊन घडी अलगद उघडली. आत एक वाळकी डहाळी होती. हात लावताच वास आला, कडवट आणि हिरवा, आज तोडल्यासारखा ताजा. डहाळीला कागदाची पट्टी गुंडाळली होती आणि पट्टीवर लहान मुलाच्या अक्षरात ओळ होती. साल, सहाव्या महिन्याचा सहावा दिवस आणि पुढे : ‘युननं ठेवलं. वय अकरा.’

शौयिकाकांना तिनं ओवरीत बोलावून घेतलं आणि पट्टी पुढे केली. म्हाताऱ्यानं ती हातात घेऊन नाकाशी नेली.

“ही आत्या,” ते म्हणाले. “वडिलांची धाकटी बहीण. सहाव्या महिन्यात पुस्तकं उन्हात घालायची, त्यांत पाला ठेवायची. मला पाठीवर घेऊन फिरायची. हातांना हाच वास यायचा तिच्या.”

“मग तीन दिवस मी इथं नाव शोधत होते, तेव्हा सांगितलं का नाहीत?”

“काय सांगू? मला नाव ठाऊक होतं?” काकांचा आवाज चिडका झाला. “थोरल्यांचं नाव कुणी घ्यायचं असतं? आम्ही आत्या म्हणायचो. वडील ‘धाकटी’ म्हणायचे. आणि पोरीचं नाव पुस्तकात छापायची तेव्हा रीत नव्हती.”

“गेली कधी?”

“मी सात वर्षांचा असेन. एक दिवस ती घरात नव्हती. लग्न झालं नव्हतं, म्हणजे कुळाच्या जागेत थडगं नाही. वारली, पळाली, कुणी नेली... मोठ्यांना विचारायची टाप होती का?” त्यांनी पट्टी डोळ्यांशी नेली. “मी रडलो होतो तेवढं आठवतं. इतक्या वर्षांत तिची आठवण कुणी काढली नाही, मास्तर. मीही नाही.”

पेइलिंगनं त्या संध्याकाळी अजिबात वेळ घालवला नाही. गोंधळ कसा झाला, ते तिच्या दृष्टीनं आता स्वच्छ होतं. आदरापोटी नाव तोंडात आलं नाही, रिवाजापोटी कागदावर आलं नाही, आणि नाव बेवारस समजून आपण ते दुसऱ्याला दिलं. चूक माझी, असं ती सगळ्यांसमोर म्हणाली. चूक कबूल करतानाही तिचा स्वर हुकूम दिल्यासारखाच होता. नाव ज्याचं त्याला परत करायचं. आत्याला पुस्तकात तिची जागा द्यायची, आणि बाळाला दुसरं नाव.

रुइशिननं ‘स्वेइ’ निवडलं, भाताचं कणीस. या वेळी पेइलिंगनं नुसती पुस्तकं पाहिली नाहीत. गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला घरी जाऊन विचारलं. नाव खरोखर मोकळं होतं.

“गवताचं भात झालं. चला, प्रगती आहे,” सासू म्हणाली. पण डोळे पुसत म्हणाली.

मग पेइलिंग आत्याची नोंद जुळवायला बसली. शौयिकाका शेजारी स्टुलावर होते. ‘मुलगी : युन.’ पट्टीवरच्या सालातून वय वजा करून जन्मसाल. ते बसवलं. मृत्यूच्या रकान्यापाशी तिचा हात थांबला.

“मी सात वर्षांचा होतो ते साल घाला,” काका म्हणाले.

“पाहिलंत तुम्ही? थडगं आहे? कुणाचं पत्र आहे?”

“नाही, पण—”

“मग नाही. पुरावा नसलेलं अक्षर मी बसवत नाही.”

“अहो मास्तर, मृत्यू कोरा ठेवला की माणूस जिवंत धरतात आमच्यात. शेवटच्या दिवशी अंगठे घेतात तेही तेवढ्यावरूनच.”

हे खरं होतं. पुस्तक पुरं झालं की ताओंच्यात प्रत्येक जिवंत माणूस मंदिरातल्या मूळ प्रतीत आपल्या नावाखाली हिंगुळाचा लाल अंगठा उठवत असे. बाळांचा अंगठा आई धरून उठवी.

“कोरा राहील, एवढंच,” पेइलिंग म्हणाली. “जागा मोकळी असणं म्हणजे खोटं असणं नव्हे. पुढच्या खेपेला पुरावा सापडला तर भरतील. तुमच्या आत्याच्या नावावर मी अंदाज छापायचा का?”

काकांनी मान हलवली. तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

पेइलिंगनं पेटीतून तिसऱ्यांदा कोरलेला खिळा काढला, बसवला आणि ठसा घेतला. अक्षर कोरं करकरीत उमटलं. कडा धारदार, आडवी रेघ सलग. तिनं कागद काकांना दाखवला. “बघा. आता बसलं जागेवर.”

त्या रात्रीपासून बाळ पोटभर दूध प्यायला लागलं. पंधरा दिवसांत गाल वर आले. ‘स्वेइ’ म्हटलं की ते आईकडे बघायचं, कपाटाकडे बघायचं नाव नाही. शेजारपाजारच्या गावांतून बोलावणी आली. शाओ मास्तरांनी ताओंचं पोर वाचवलं, असं लोक बाजारात बोलत होते. पेइलिंगनं ते खोडून काढलं नाही. थंडी वाढली, छपाई सरत आली. डहाळी आणि पट्टी तिनं पुन्हा घडीत ठेवून दिली. वास मात्र ओवरीतून गेला नाही. सवय झाली.

बाळाच्या शंभराव्या दिवशीच पुस्तक पुरं करायचा मुहूर्त काढला होता. दुपारी पितृमंदिर भरून गेलं. अंगणात ढोल वाजत होते, मोठमोठ्या टोपांत शेवया शिजत होत्या. वेदीपुढच्या टेबलावर लाल कापडावर मूळ प्रत होती. पहाटेच पेइलिंगनं पान न् पान तपासलं होतं. सगळं स्वच्छ होतं. नंतर मंदिराला कुलूप होतं आणि हिंगुळाची डबी तिच्या कोटाच्या खिशात.

आधी शौयिकाकांनी अंगठा उठवला. मग एकेक घर आलं. पेइलिंग पान उघडून द्यायची, जागा दाखवायची, कापसानं अंगठा पुसून द्यायची. तासाभरात सव्वाशे अंगठे झाले.

रुइशिन आली. बाळ जाड दुलईत होतं, डोक्यावर लाल टोपी.

“या, स्वेइबाई,” पेइलिंग म्हणाली. “तुमचा मान.” आणि तिनं डबीचं झाकण उघडलं.

रुइशिननं दुलई सोडून बाळाची मूठ बाहेर काढली. थंडीनं मूठ घट्ट होती. तिनं एकेक बोट सोडवलं.

अंगठा लाल होता.

“आधीच लावलात होय?” रुइशिननं हसून विचारलं.

पेइलिंगनं ते बोट चाचपलं. हिंगूळ वाळून घट्ट झाला होता.

“काकूंनी लावला असेल.”

“मी कशाला लावू? डबी तर मास्तरांपाशी,” सासू म्हणाली.

स्वेइच्या नावाखालची जागा कोरी होती.

पेइलिंगनं पानं मागे उलटली. एक, दोन, तीन. चौथ्या पानाला वास आला.

मुलगी : युन. जन्माचं साल. मृत्यूचा रकाना कोरा. त्याखाली लाल अंगठा, घेवड्याच्या दाण्याएवढा.

ढोल वाजत होते. मागच्या लोकांना काही दिसलं नव्हतं. ते पुढे सरका म्हणत होते.

“स्वेइ,” रुइशिननं हाक मारली. मग पुन्हा, मोठ्यानं. मग, “दोउदोउ. ए दोउदोउ.”

बाळानं तिच्याकडे बघितलं नाही.

शौयिकाकांनी पान पाहिलं. त्यांनी वेदीवरचा कुंचला उचलला, शाईत बुडवला आणि पेइलिंगच्या हातात दिला.

“लिहा,” ते म्हणाले. “मृत्यू लिहा, मास्तर. कुठलंही साल लिहा. मिटवा हे.”

तिनं कुंचला कोऱ्या रकान्यावर नेला. मग तिला खालचा अंगठा दिसला. ती नोंद आता कुणाची होती, हे तिला सांगता येईना. मृत्यू लिहायचा, तर तो कुणाला लागायचा?

“मास्तर, लिहा ना,” रुइशिन म्हणाली. तिला अजून काही कळलं नव्हतं.

कुंचल्याच्या टोकाला शाईचा थेंब जमत होता. पेइलिंगनं वर पाहिलं.

आईच्या कुशीतून बाळ त्या थेंबाकडे बघत होतं. पापणी लवत नव्हती. दुलईतून दुसरा हात बाहेर आला होता आणि त्या इवल्या हातानं पेइलिंगची बाही धरून ठेवली होती, कागदापासून दूर, मोठ्या माणसाच्या जोरानं.